गुळगुळीत आवाजाचे प्रलंबित प्रकरण

साठी उलटलेल्या माणसाने इलेक्ट्रिक गिटार वाजवू नये, असा आमच्या सोसायटीच्या उपविधींमध्ये कुठेही नियम नाही. मी दोनदा वाचून पाहिले. कुत्र्यांविषयी आहे, गॅलरीत कपडे वाळत घालण्याविषयी आहे, जिन्यात सायकल ठेवण्याविषयी तर दीड पान आहे. पण गिटारविषयी अवाक्षर नाही. तरीही गेल्या सहा महिन्यांत या विषयावर दोन नोटिसा निघाल्या, एक विशेष सभा झाली, एक प्रत्यक्ष पाहणी झाली आणि सेक्रेटरी लिफ्टमध्ये अडकले. या सगळ्याच्या मुळाशी मी आहे असे सर्वांचे म्हणणे आहे. माझे म्हणणे कोणी विचारलेले नाही, म्हणून इथे लिहितो.

मी पस्तीस वर्षे एका कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली. अभिलेख कक्ष म्हणजे फायली शेवटी जिथे येऊन पडतात ती खोली. बाहेरच्यांना वाटते फायली हजार प्रकारच्या असतात. त्या दोनच प्रकारच्या असतात, प्रलंबित आणि निकाली. प्रलंबित फाईल टेबलावर असते. तिच्याविषयी लोक विचारायला येतात, फोन करतात, साहेब तिच्यावर शेरे मारतात, ती या खोलीतून त्या खोलीत हिंडते. निकाली फाईल दोरीने बांधून फडताळात जाते आणि मग तिला कोणी हात लावत नाही. हे एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिटार माझी नव्हे, चिरंजिवांची. चिरंजीव नोकरीसाठी दूर गेले त्याला नऊ वर्षे झाली. जाताना गिटार आणि तिचा आवाज हवा तसा बदलणारा इफेक्टचा डबा खोलीतल्या कपाटावर ठेवून गेले. आमची ही होती तोवर महिन्यातून एकदा स्टुलावर चढून त्यावरची धूळ पुसायची. ही गेल्यावर ते काम माझ्याकडे आले आणि मी ते तीन वर्षे केले नाही.

दर रविवारी संध्याकाळी सहाला चिरंजिवांचा फोन येतो. पूर्वी तो हिच्याकडे यायचा; मला शेवटी फोन हातात घेऊन "हं, बरंय ना सगळं?" एवढेच विचारायचे काम असे. आता पूर्ण फोन माझ्या वाट्याला आला. जेवण वेळेवर होते का, होते. गोळ्या चालू आहेत का, आहेत. तिकडे थंडी आहे, इकडे नाही. झाली चार मिनिटे. मी घड्याळ लावून बसत नसे, पण फोन स्वतःच दाखवतो. चार मिनिटे नऊ सेकंद, तीन मिनिटे अठ्ठावन्न सेकंद. काय बोलायचे याचे मुद्दे मी शनिवारीच एका कागदावर काढून ठेवत असे, पण तीन मुद्द्यांपुढे तो कागद कधी गेला नाही. फोन ठेवल्यावर जे सहा दिवस तेवीस तास छप्पन्न मिनिटे उरायचे, त्यांचे काय करावे हे मला खरोखर कळत नसे.

अशाच एका रविवारी चिरंजीव म्हणाले की ती गिटार आणि तो डबा कोणाला तरी देऊन टाका, उगाच जागा अडवून बसलेत. मी बरे म्हटले. पण वस्तू चालू स्थितीत आहे याची खातरजमा केल्याशिवाय ती दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची नाही ही माझी जुनी सवय. तरुणपणी मी मेंडोलिन वाजवत असे, त्यामुळे तारांवर बोटे कुठे ठेवायची हे हात अगदीच विसरले नव्हते. मी डब्याची वायर भिंतीत खुपसली, गिटारची डब्यात खुपसली, डब्याची घरातल्या स्पीकरमध्ये खुपसली आणि एक तार छेडली.

जो आवाज आला त्याचे वर्णन दुसऱ्या दिवशी जिन्यात तीन वेगवेगळ्या प्रकारे ऐकले. खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या निवृत्त बाईंना मिक्सर जळाला असे वाटले. होमिओपॅथ डॉक्टरांना कुठेतरी पत्रा कापताहेत असे वाटले. सेक्रेटरींना ती रुग्णवाहिका वाटली आणि ते खाली जाऊन फाटक उघडून आले. यावरून आमची सोसायटी किती तत्पर आहे तेही कळते.

पुढच्या रविवारी मुद्दे संपल्यावर, म्हणजे साधारण अडीच मिनिटांनी, मी म्हटले की तुझ्या गिटारचा आवाज फाटका येतो, तुझा तर कसा गुळगुळीत यायचा. चिरंजीव एकदम थांबले. मग त्यांनी विचारले की मला आठवतो का तो आवाज. न आठवायला काय झाले? रोज संध्याकाळी बंद दारामागून यायचा. चार ओळींची एक चाल, त्याने स्वतःच बसवलेली. एक सूर दुसऱ्यात असा मिसळायचा की तेलाच्या धारेसारखा, मध्ये कुठे तुटायचा नाही. हे मी त्याला सांगितले. तेव्हा मी त्या दाराशी जाऊन काय म्हणत असे ते मात्र दोघांपैकी कोणीच काढले नाही. मी म्हणत असे, "आवाज कमी कर."

त्या दिवशीचा फोन सव्वीस मिनिटे चालला. गिटारवरची खिटी मानेच्या बाजूला करा म्हणजे आवाज जाड होईल, टोनचे बटण निम्म्याच्या खाली आणा म्हणजे कर्कश टोक जाईल, एवढे दोनच मुद्दे होते, पण ते समजावून सांगताना तो माझ्याशी बोलत होता. शेवटी म्हणाला, करून बघा, फोनवर रेकॉर्ड करून शनिवारी पाठवा, रविवारी बोलू. मी ते कागदावर उतरवून घेतले आणि सव्वीस हा आकडा कोपऱ्यात लिहून त्याला गोल केला. गिटार कोणाला द्यायची हा विषय पुन्हा निघाला नाही.

इथून प्रकरण सुरू झाले. मी रेकॉर्डिंग पाठवले, त्यात घरघर फार होती. चिरंजीव म्हणाले, ही विजेची घरघर आहे, तुमच्या प्लगचं अर्थिंग एकदा तपासून घ्या. मी इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने पहिल्या खोलीत टेस्टर लावला, दुसऱ्या खोलीत लावला, मग बाहेर जाऊन मीटरची पेटी उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"काका, तुमच्या घरात अर्थिंगच नाहीये."

"आमच्या घरात नाही?"

"अख्ख्या विंगमध्ये नाही. कसे जगलात इतकी वर्षं?"

हा प्रश्न लोक मला निरनिराळ्या कारणांनी विचारतात, त्यामुळे मी उत्तर दिले नाही. ही गोष्ट सोसायटीला कळवून रीतसर परवानगी घेऊन मगच पुढचे काम करावे असे माझे मत होते. इलेक्ट्रिशियनचे मत असे की दोन मिनिटांचे काम आहे. त्याने मुख्य खटका खाली ओढला. त्या दोन मिनिटांना सेक्रेटरी लिफ्टमध्ये होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये. खटका वर करताना तो हातात आला आणि दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. मी जिन्यातून सेक्रेटरींना धीर देत होतो.  एकदाच त्यांनी विचारले की हे कशासाठी चालले आहे, आणि मी खरे ते सांगितले, की गिटारचा आवाज गुळगुळीत व्हावा म्हणून.

दुसऱ्याच दिवशी नोटीस आली. "आपल्या सदनिकेतून निघणाऱ्या आक्षेपार्ह ध्वनीबाबत" असा विषय होता. विषय ठीक होता, पण नोटिशीला जावक क्रमांक नव्हता, दिनांक नव्हता आणि सहीखाली हुद्दा नव्हता. मी ती "त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावी" असा शेरा मारून परत पाठवली. यात उद्धटपणा नव्हता. पस्तीस वर्षांत मी खुद्द मोठ्या साहेबांचा कागदसुद्धा असा परत पाठवला आहे. पण सेक्रेटरी खासगी कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांना या गोष्टींतला जिव्हाळा कळत नाही. दुसरी नोटीस सर्व त्रुटींची पूर्तता करून आली आणि तिच्यात विशेष सभेची तारीख होती.

सभेत पाऊण तास अर्थिंगवर गेला. त्याबद्दल विंगने खरे तर माझे आभार मानायला हवे होते, ते राहून गेले. मग गिटारचा विषय आला. गणिताच्या बाईंचे म्हणणे, आवाज किती मोठा आहे ते मोजा आणि आकडा ठरवा. डॉक्टरांचे म्हणणे, माणसाला या वयात असे काही सुचते तेव्हा मुळाशी पित्त असते. त्यांनी मला सभेतच साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची पुडी दिली. शेवटी ठरले की रोज संध्याकाळी पाच ते सहा वाजवायला हरकत नाही, मात्र तीन प्रतींत अर्ज करावा आणि समितीने आधी प्रत्यक्ष पाहणी करावी. अर्जात "वाद्याचा प्रकार" असा रकाना होता आणि "ध्वनीचा प्रकार" असाही होता. मी त्यात "गुळगुळीत (प्रस्तावित)" असे लिहिले.

दरम्यान रविवारचे फोन चालूच होते, आणि आता ते अर्ध्या तासाच्या खाली येत नव्हते. त्या डब्यात एक गेन नावाचे बटण असते. ते वाढवले की आवाज फाटतो आणि लांबतो, कमी केले की स्वच्छ होतो आणि लगेच मरतो. मी ते भरपूर वाढवून ठेवले होते, कारण मला लांब आवाज हवा होता. चिरंजिवांनी रेकॉर्डिंग ऐकले आणि म्हणाले, "बाबा, गेन कमी करा." म्हणजे आवाज कमी करा असेच जवळपास. मी लगेच बटण खाली आणले. मग तो मला कॉम्प्रेसर समजावू लागला. कॉम्प्रेसर हळू वाजवलेला सूर उचलून धरतो आणि जोरात वाजवलेला दाबतो, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात. लांब आवाज गेनमधून आणायचा नाही, यातून आणायचा, असे तो म्हणाला. मी लिहून घेतले.

पाहणीच्या आदल्या रविवारी उरलेली घरघर घालवण्यासाठी त्याने नॉइज गेट सांगितले. आपण वाजवत नसलो की हे गेट बंद होते आणि घरघर आतच राहते. ते किती घट्ट लावायचे याचाही एक आकडा असतो. समिती येणार म्हणून मी तो आकडा थोडा जास्तच ठेवला. सोमवारी पाच वाजता सेक्रेटरी, बाई आणि डॉक्टर असे तिघे जण माझ्या बैठकीच्या खोलीत ओळीने बसले. मी गिटार गळ्यात अडकवली, डोळे मिटले आणि ती चार ओळींची चाल अगदी मनापासून वाजवली. गेट उघडलेच नाही. स्पीकरमधून एक अक्षर बाहेर पडले नाही. तारांची नुसती टकटक तेवढी ऐकू येत होती. मी डोळे उघडले तेव्हा सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. असा आवाज असेल तर आमची काहीच हरकत नाही, असे ते म्हणाले आणि तिन्ही प्रतींवर तिथेच सह्या झाल्या. डॉक्टर जाताना माझ्या कानात म्हणाले की पुडी लागू पडली. अपमान कशाला म्हणतात हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी मला भेटावे.

परवानगी मिळाली आणि मी गेट सैल केले. त्या आठवड्यात डिले लावायला शिकलो. डिले म्हणजे डबा तुमचा सूर तुम्हाला परत करतो, दर वेळी थोडा हळू. मी एक सूर वाजवला. तो तीनदा परत आला. मी पुन्हा वाजवला, पुन्हा तीनदा आला. ही गेल्यापासून या घरात मी केलेल्या कुठल्याही आवाजाला उत्तर आलेले नव्हते. भांडे पडले तरी ते एकदाच वाजायचे. मी तो एकच सूर पाच ते सहा असा तासभर वाजवत बसलो. शेवटी बाईंनी खालून छताला काठी मारली तेव्हा थांबलो.

डब्यात आवाज साठवायला नंबर असतात, एक ते पन्नास, आणि प्रत्येक नंबरला नाव देता येते. डब्याला मराठी येत नाही, नाव इंग्रजी अक्षरांत द्यावे लागते आणि तेही दहा अक्षरांत. पहिल्या वीस नंबरांत चिरंजिवांचे जुने आवाज होते. एकदा परवानगीच्या तासात मी ते एकेक करून लावून पाहत होतो. काही भलतेच होते, एक तर पाण्यात बुडाल्यासारखा होता; तो गुळगुळीत मात्र त्यांत कुठेच नव्हता. सात नंबर लावला तर काहीच वाजेना. मला वाटले पुन्हा ते गेट. पण गेट उघडे होते, बाकीची बटणेही नीट होती, फक्त आवाजाचे बटण शंभरपैकी चारवर होते. मग मी नाव वाचले. इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, ‘बाबा आले’.

हे नीट समजायला मला वेळ लागला. मी कचेरीतून यायचो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर असतानाच ती चाल ऐकू यायची, आणि दाराला किल्ली लावेपर्यंत बंद झालेली असायची. मला वाटायचे मुलगा शहाणा आहे, बाप यायच्या वेळी अभ्यासाला बसतो. तो बसत नव्हता. पायाने सात नंबर दाबून वाजवतच राहत होता, मला ऐकू येणार नाही असे. आणि ज्या दिवशी दाबायला उशीर व्हायचा त्या दिवशी मी दाराशी जाऊन आवाज कमी कर म्हणायचो. मला फार वाईट वाटले. त्या रविवारी हे बोलावे असे मी कागदावर पहिल्या क्रमांकाचा मुद्दा म्हणून लिहिले होते. पण फोनवर मी दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात केली.

मग एका बुधवारी, पाच वाजून वीस मिनिटांनी, आवाज जमला. मी काही वेगळे केले होते असे नाही. गेन पस्तिसाच्या आसपास, वरची धार कापलेली, मधला भाग थोडा वर, डिले जेमतेम, आणि सूर धरल्यावर बोट जरा हलवायचे. पहिला सूर निघाला आणि दुसऱ्यात गेला, दुसरा तिसऱ्यात. कुठे तुटला नाही. दारामागून यायचा तोच आवाज होता तो, फक्त या वेळी मी दाराच्या आतल्या बाजूला होतो. चौथी ओळ संपत आली तेव्हा दाराची बेल वाजली. गणिताच्या बाई होत्या.

"सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारले. "कोणी रडतंय असं वाटलं."

"नाही, नाही. गिटार होती."

"मला वाटलं तुम्हीच."

मी म्हटले की आवाज त्रासदायक असेल तर कमी करतो. त्या म्हणाल्या, त्रास नाही, राहू द्या, आणि थोडा वेळ उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. त्यांच्या घरातही त्या एकट्याच असतात. मग खाली काहीतरी गॅसवर ठेवल्याचे सांगून त्या गेल्या.

मी परत आत आलो. आता खरे म्हणजे आनंद व्हायला हवा होता. आवाज मी एक्केचाळीस नंबरला साठवला आणि सवयीने नाव दिले, ‘निकाली’. ते नाव लिहून झाले आणि मी ते पुन्हा एकदा वाचले. निकाली म्हणजे काय ते मला सांगायला नको. हे रेकॉर्डिंग शनिवारी पाठवले की रविवारी चिरंजीव म्हणणार, बाबा, छान जमलंय. मग जेवण वेळेवर होते का, गोळ्या चालू आहेत का, तिकडे थंडी आहे का. चार मिनिटे.

मी एक्केचाळीस नंबरची एक नक्कल बेचाळीसवर घेतली, तिच्यात गेन वाढवून आवाज फाडला, नाव दिले ‘प्रलंबित’, आणि शनिवारी ती पाठवली. आयुष्यात मी पहिल्यांदाच खोटा कागद तयार केला, आणि सांगायला लाज वाटते, पण तो फार सफाईने केला. रविवारी चिरंजीव म्हणाले, गेन पुन्हा वाढलाय बहुतेक. चाळीस मिनिटे.

एखादी गोष्ट बिघडवणे हे जमवण्याइतकेच कष्टाचे काम आहे हे मला पुढच्या आठवड्यांत कळले. फार बिघडवले तर संशय येतो. मागच्या वेळचा दोष दुरुस्त झालेला दिसला पाहिजे आणि त्या जागी नवा, पण पटण्यासारखा दोष आला पाहिजे. एका रविवारसाठी मी डिले इतका वाढवला की सूर एकमेकांच्या अंगावर पडू लागले. एका रविवारसाठी घुमारा एवढा मोठा ठेवला की मी ओसाड विहिरीत बसून वाजवतोय असे वाटले. एकदा कॉम्प्रेसरच काढून टाकला. प्रत्येकाला रीतसर नाव दिले, ‘रविवार एक’, ‘रविवार दोन’, असे करत सहापर्यंत गेलो. रोज पाच ते साडेपाच मी बिघडवायचो आणि साडेपाच ते सहा एक्केचाळीस नंबर स्वतःसाठी वाजवायचो. खालून काठी कधी आली नाही.

सातव्या आठवड्यात माझ्याकडचे दोष संपले. मी जुनाच, गेनचा, पुन्हा पाठवला. चिरंजिवांनी तो दोनदा ऐकला. मग म्हणाले, "बाबा, सांगतो त्यानं आतापर्यंत जमायला हवं होतं. मलाच कळत नाहीये काय चुकतंय. हा आवाज ज्या नंबरला साठवलाय तो नंबर संगणकातून तसाच मला पाठवा. फक्त तेवढा एक. मी इथं उघडून बघतो."

त्याच्या आवाजात काळजी होती, आणि ती खरी होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण माघार कशी घेणार? बुधवारी मी डबा संगणकाला जोडला. आता माझी चूक नीट सांगतो, कारण ती पस्तीस वर्षांच्या शिस्तीतून झाली आहे. कोणी एखादा कागद मागितला तर नुसता कागद पाठवायचा नाही, पूर्ण फाईल पाठवायची, टिपण्यांसकट, हा आमच्या कक्षाचा पहिला नियम. सुटा कागद हरवतो. संगणकाने विचारले, एक नंबर पाठवायचा की सगळे? माझ्या बोटाने मला न विचारता सगळे दाबले. पाठवून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे जावक नोंदीसाठी यादी काढली आणि वाचायला घेतली. सात, बाबा आले. एक्केचाळीस, निकाली. बेचाळीस, प्रलंबित. त्रेचाळीस, रविवार एक. चव्वेचाळीस, रविवार दोन. आणि असे खाली अठ्ठेचाळीसपर्यंत. ज्याला वाचता येते त्याला यातून सगळे वाचता आले असते, आणि त्याला मीच वाचायला शिकवले होते.

पुढचे चार दिवस मी गिटारला हात लावला नाही. शनिवारी मुद्द्यांचा कागद घेतला, त्यावर ‘खुलासा’ असा शब्द लिहिला आणि पुढे काही सुचले नाही. चूक झाली लिहावे तर ती चूक नव्हती. गंमत केली लिहावे तर गंमत नव्हती. मला तुझ्याशी बोलायचे असते, एवढेच खरे होते, पण असे वाक्य मी आयुष्यात कधी लिहिलेले नाही, बोललेलो तर नाहीच.

रविवारी सहा वाजले. फोन आला नाही. सहा पाच झाले. मी पेपर उघडला आणि तो वाचत असल्यासारखा बसलो, खोलीत कोणी बघणारे नव्हते तरी. सहा दहा झाले. नऊ वर्षांत फोनला पाच मिनिटांहून जास्त उशीर झालेला नव्हता. सव्वासहाला संगणकावर मेल आला. त्यात पत्र नव्हते, निरोप नव्हता, फक्त मी पाठवलेली फाईल परत आलेली होती. त्रुटी काढून परत आलेला कागद हातात घेताना समोरच्याला कसे वाटत असेल ते मला त्या दिवशी कळले.

मी ती डब्यात उतरवून घेतली. यादी पाहिली. ‘निकाली’ नावाचा नंबर कुठेच नव्हता. एक्केचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत आठही नंबरांना एकच नाव होते, ‘प्रलंबित’. वर सात नंबरला मात्र जुनेच नाव होते, ‘बाबा आले’. मी गिटार गळ्यात घातली आणि पायाने सात दाबला. साडेसहा वाजत आले होते, परवानगीची वेळ कधीच संपली होती. मी पहिला सूर छेडला आणि सगळ्या खोलीत भरून तो आवाज आला, माझा एक्केचाळीस नंबरचा, जमलेला, गुळगुळीत. आवाजाचे बटण चारवरून शंभरावर नेलेले होते. मी चारही ओळी वाजवल्या. खाली बाईंकडे, वर डॉक्टरांकडे, जिन्यात, सगळीकडे तो गेला असणार. कोणीही काठी मारली नाही. तार थांबायच्या आतच फोन वाजला.

"सात नंबर लावलात?" त्याने विचारले.

"लावला."

"कसा वाटला?"

 खुलाशाचा कागद समोरच होता. ती यादी त्याने पाहिली होती, मी पाहिली होती, आणि तरी त्याने फोन केला होता. तो उत्तराची वाट बघत होता.

"चांगला आहे," मी म्हणालो. "पण गेन जरा जास्त वाटतो."

 तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"असेल," तो म्हणाला. "बघू या. घाई नाहीये मला. कागद-पेन आहे का जवळ?"

कागद होता. मी तो उलटा केला आणि लिहायला घेतले.